शैक्षणिक लेखनाची सुरुवात: प्रोजेक्ट रिपोर्ट आणि रामन–कृष्णन यांचे टिपण

तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या वर्षांचे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवलेले असतील. काळे किंवा मरून रेक्झिनचे बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरे. त्यातले कोणतेही पाच काढा आणि फक्त दोन ठिकाणी वाचा: पहिल्या प्रकरणाचे पहिले वाक्य आणि निष्कर्षाचे शेवटचे वाक्य. पहिले वाक्य बहुधा असे असेल की आजच्या युगात तंत्रज्ञानाला फार महत्त्व आले आहे. विषय शेतीचा असेल तर भारत हा कृषिप्रधान देश आहे. शेवटी लिहिलेले असेल की सिस्टीम यशस्वीरीत्या काम करते आणि पुढे तिला मोबाइल ॲप जोडता येईल. अलीकडे ॲपच्या जागी मशीन लर्निंग आले आहे, एवढाच फरक.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि असे रिपोर्ट वर्षानुवर्षे तपासत आलो आहे. माझ्या स्वतःच्या एम.ई.च्या प्रबंधाची सुरुवातही याच जातीची होती, त्यामुळे मी वरच्या पायरीवर उभा राहून बोलतो आहे असे समजू नका. पदवीच्या काळात तुमच्या हातून होणारे पहिले मोठे शैक्षणिक लेखन म्हणजे हाच रिपोर्ट. म्हणून या पाठात आपण त्याची समीक्षा करू. त्याच्या शेजारी ठेवून एक जुने, जेमतेम पानभर टिपण वाचू. ते मिळाले तर मुळातून जरूर वाचा. इंग्रजी सोपे आहे.

आधी रिपोर्ट. त्याच्या पहिल्या पानावर एक चाचणी करून पाहा. तुमच्या प्रस्तावनेतले कोणतेही वाक्य उचला आणि शेजारच्या गटाच्या रिपोर्टात टाका. तिथेही ते चपखल बसले तर ते तुमचे वाक्य नव्हे. या चाचणीत बहुतेक प्रस्तावना पहिल्या दोन पानांपर्यंत सपाट होतात. ती वाक्ये खोटी नसतात. भारत कृषिप्रधान आहेच. पण ते वाचून तुम्ही काय केलेत आणि का केलेत, हे कुणालाही कळत नाही.

दुसऱ्या प्रकरणात लिटरेचर सर्व्हे येतो. दहा पेपर, दहा परिच्छेद, प्रत्येकाची सुरुवात ‘या पेपरमध्ये लेखकांनी अमुक पद्धत मांडली आहे’ अशी. वाण्याच्या यादीसारखे एकाखाली एक. तिसऱ्या पेपरचे सातव्याशी पटते की नाही, नवव्याने जे मोजले ते तुम्हाला पुन्हा मोजावे का लागले, याचा पत्ता नसतो. अनेकदा त्या दहांपैकी एकही पेपर पुढच्या प्रकरणांत पुन्हा डोकावत नाही. मग तो वाचला कशासाठी?

याचा सगळा दोष तुमच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. आम्ही तुम्हाला जो फॉरमॅट देतो त्यात समास किती, अक्षरे किती पॉइंटची, दोन ओळींत अंतर किती, किमान पाने किती, हे सगळे असते. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, असे त्यात कुठेच नसते. जे तपासले जाते तेच मुले नीट करतात.

आता ते टिपण. १९२८ साली कलकत्त्याच्या बहूबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेतून चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी ते ‘नेचर’ला पाठवले. तारीख १६ फेब्रुवारी. छापून आले ३१ मार्चला. पुढे ज्याला रामन परिणाम म्हणू लागले त्याची ही जगाला पहिली वर्दी. रामन यांना १९३० सालचे नोबेल मिळाले आणि २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशी पोस्टर होतात, रांगोळ्या होतात, भाषणे होतात. टिपण मात्र कुणी वाचून दाखवल्याचे मी ऐकलेले नाही.

ते सुरू कसे होते ते पाहा. विज्ञानाचे महत्त्व नाही, प्रकाशाची व्याख्या नाही. पहिल्याच वाक्यात कॉम्प्टन येतो. क्ष-किरण पदार्थावरून विखुरतात तेव्हा काही किरणांची तरंगलांबी तीच राहते आणि काहींची बदलते, हे कॉम्प्टनने दाखवले होते. रामन आणि कृष्णन म्हणतात: त्या दोन प्रकारांचा संबंध अणू-रेणूंच्या सरासरी स्थितीशी आणि त्या स्थितीपासून होणाऱ्या चढउतारांशी आहे असे धरले, तर साध्या प्रकाशाच्या विकिरणातही दोन प्रकार दिसायला हवेत. दिसतात का? आम्ही पाहिले; दिसतात. एवढ्यात प्रस्तावना संपली.

संपूर्ण टिपणात दुसऱ्या शास्त्रज्ञाचे नाव हे एकच आहे, पण ते नाव काम करते. कॉम्प्टनचे निरीक्षण काढून टाका, रामन–कृष्णन यांचा प्रश्नच कोसळतो. तुमच्या लिटरेचर सर्व्हेतल्या एकेका पेपरला हेच विचारा: हा काढला तर माझ्या रिपोर्टात काय कोसळते? काहीच कोसळत नसेल तर तो परिच्छेद पाने भरायला आलेला आहे.

पुढे प्रयोग येतो. हा परिणाम फार क्षीण असल्याने प्रखर उजेड लागतो, असे सांगून लेखक आकडे देतात. सूर्यप्रकाशाचा झोत १८ सेंटिमीटर व्यासाच्या आणि २३० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या भिंगातून घेतला, मग ५ सेंटिमीटर नाभीय अंतराच्या दुसऱ्या भिंगाने आणखी एकवटला. तिथे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेला द्रव किंवा त्याची धूळविरहित वाफ ठेवली. आता खरी गंमत. दोन फिल्टर घेतले, एक निळा-जांभळा आणि दुसरा पिवळा-हिरवा. दोन्ही एकापाठोपाठ झोताच्या वाटेत ठेवले की द्रवातला प्रकाशाचा पट्टा पूर्ण नाहीसा होतो, कारण एकातून जे पार होते ते दुसरा अडवतो. मग पिवळा-हिरवा फिल्टर तिथून काढून द्रव आणि बघणाऱ्याचा डोळा यांच्या मधे धरला. द्रवाने आलेला निळा-जांभळा प्रकाश नुसताच विखुरला असता तर आताही अंधारच दिसला असता. पण पट्टा पुन्हा दिसू लागला. म्हणजे द्रवात शिरलेला आणि द्रवातून निघालेला, यांतला काही प्रकाश रंगाने वेगळा आहे.

हा परिच्छेद मी वर्गात फळ्यावर आकृती काढून वाचतो. बारावी झालेल्या मुलाला तो पहिल्या फेरीत कळतो. फिल्टरची जागा बदलणे ही एवढीशी कृती, पण तिच्यामुळे ‘रंग बदलला’ हे विधान मताचे राहत नाही. तुमच्या रिपोर्टात असा परिच्छेद कुठे आहे ते शोधा. बहुतेकांच्या रिपोर्टात मधल्या प्रकरणांत मायक्रोकंट्रोलरच्या पायांचा तक्ता असतो, डेटाशीटमधून जसाच्या तसा घेतलेला. तो तक्ता तुम्ही शोधलेला नाही आणि वाचणाऱ्याला तो दोन मिनिटांत मिळतो. तुम्ही कोणती गोष्ट कुठून काढून कुठे ठेवलीत आणि त्यामुळे काय दिसले, ते मात्र तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

नंतरची दोन वाक्ये माझ्या मते टिपणाचा गाभा आहेत. सुमारे साठ नेहमीचे द्रव तपासले आणि प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात हा परिणाम दिसला, असे सांगून लेखक लगेच स्वतःविरुद्ध बोलतात. हा फ्लुओरेसन्स तर नसेल? फ्लुओरेसन्स म्हणजे पदार्थाने प्रकाश शोषून घेऊन पुन्हा वेगळ्या रंगात सोडणे. ते तर आधीच माहीत होते. तेच असेल तर शोध कसला! लेखक दोन कारणे देतात. एक, नेहमीच्या विकिरणाच्या मानाने हा प्रकाश फारच क्षीण आहे. दोन, त्याचे ध्रुवीकरण अनेकदा ठळक असून नेहमीच्या विकिरणाच्या तोडीचे आहे. मग तेही थांबून कबूल करतात की वायू आणि वाफांमध्ये हे दाखवणे पुष्कळ अवघड जाते, पण वाफ पुरेशी दाट असली, उदाहरणार्थ ईथर किंवा अमायलिनची, तर ते जमते.

शंका वाचकाने काढण्याआधी लेखकाने काढायची, तिला उत्तर द्यायचे आणि जिथे हात तोकडे पडतात ते सांगायचे. मला विचाराल तर शैक्षणिक लेखन आणि जाहिरात यांच्यातली सीमा इथे आहे.

पण समीक्षा करायची म्हटल्यावर थोरांच्या लेखनापुढेही नुसते हात जोडून चालत नाही. हे टिपण वाचून वाटते की आधी कॉम्प्टनवरून कल्पना सुचली, मग प्रयोग केला आणि तो बरोबर निघाला. घडले तसे नव्हते. के. आर. रामनाथन यांना याच प्रयोगशाळेत १९२३ साली पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, न हटणारा वेगळा रंग दिसला होता. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले तरी तो गेला नाही. तेव्हा त्याला क्षीण फ्लुओरेसन्सच म्हटले गेले. रामन यांनी हे सारे आपल्या नोबेल व्याख्यानात स्वतः सांगितले आहे. ‘नेचर’च्या टिपणात रामनाथन यांचे नाव नाही, मधली पाच वर्षे नाहीत आणि शोध ‘आम्ही’ लावला असे त्यात म्हटले आहे.

पीटर मेडावार या जीवशास्त्रज्ञाने १९६३ साली नेमके याच प्रकाराबद्दल लिहिले: शास्त्रीय पेपरचा साचा विचार कसा घडला याची खोटी कहाणी सांगतो. मला त्याचे म्हणणे अर्धेच पटते. वाचकाला घडले त्या क्रमाने सांगायला हवे असे नाही. पटेल त्या क्रमाने सांगितले तर तो फसवणूक मानत नाही. पण ज्याच्या निरीक्षणावर आपण उभे आहोत त्याचे नाव गाळणे हा क्रमाचा प्रश्न नव्हे. टिपण लहान होते, घाई होती, हे खरे. आणि न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की टिपण छापून येण्याआधी, १६ मार्चला बंगळूरमध्ये दिलेल्या सविस्तर व्याख्यानात रामन यांनी सहकाऱ्यांच्या आधीच्या कामाचा इतिहास नावांनिशी सांगितला होता. तरीही जे टिपण जगभर पोचले त्यात एका ओळीची जागा काढता आली असती, असे माझे मत आहे. तुम्हाला ते पटले नाही तर कारणे देऊन खोडा. लेखनाचा तोही चांगला सराव आहे.

गाळलेल्या ओळीचे मला एवढे का लागते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी चार जणांच्या एका गटाचा गाईड होतो. मातीतली ओल मोजून आपोआप पंप सुरू करायचा, हा त्यांचा प्रोजेक्ट. दोन पायांचा स्वस्त प्रोब मातीत खोचायचा, दोन पायांमधला विद्युतरोध मोजायचा आणि आकडा ठरावीक मर्यादेच्या पुढे गेला की पंप चालू. गटातल्या एका मुलीची वही मला अजून आठवते. एकोणिसाव्या दिवशीची नोंद होती: माती हाताला ओली लागते पण वाचन कोरडी दाखवते, पंप थांबत नाही. खाली आणखी एक ओळ: प्रोब उपसून पाहिला, एका पायावरचे तांबे हिरवे पडून खाल्ले गेले आहे.

तिने ते रिपोर्टात घातले होते. मी ते काढायला लावले. ‘हे कशाला? एक्स्टर्नल उगाच प्रश्न विचारतील,’ हे माझेच शब्द. नवा प्रोब बसवला, डेमो झाला, व्हायवात कुणीही विचारले नाही की हे किती दिवस चालले. ‘सिस्टीम यशस्वीरीत्या काम करते’ या वाक्यावर मी सही केली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने ग्रंथालयातून तोच रिपोर्ट काढला, तसलाच प्रोब विकत आणला आणि तिसऱ्या आठवड्यात हिरवे तांबे घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सबमिशन तोंडावर आले होते. सतत एकाच दिशेने वीज वाहिली की ओल्या मातीत विद्युत-अपघटन होते आणि तांबे झिजते. वाचन घेण्यापुरतीच वीज दिली तर प्रोब बराच जास्त टिकतो. एवढे शोधण्यात त्यांचे कित्येक दिवस गेले. ती माहिती कॉलेजात आधीपासून होती. एका मुलीने ती लिहिली होती आणि मी ती पुसली होती. तिला त्या ओळीचे श्रेय मिळाले नाही, त्यांना उपयोग झाला नाही.

त्या गाळलेल्या ओळींचा परिच्छेद असा होऊ शकला असता: ‘आम्ही प्रोबला सतत ५ व्होल्ट दिले. एकोणिसाव्या दिवशी माती ओली असूनही वाचन कोरडे आले. माती आकसून प्रोबभोवती पोकळी झाली असेल अशी शंका होती. म्हणून त्याच जागी, त्याच खोलीवर नवा प्रोब खोचला. त्याने ओल दाखवली. तेव्हा दोष मातीत नसून जुन्या प्रोबमध्ये आहे. हे एकाच कुंडीत पाहिले आहे. दुसऱ्या मातीत किती दिवस लागतील ते आम्ही तपासलेले नाही.’ फिल्टरची जागा बदलणे आणि नवा प्रोब खोचणे यांत मोठेपणाचा फरक कितीही असो, रीत एकच आहे. आणि यातले एकही वाक्य शेजारच्या गटाच्या रिपोर्टात बसणार नाही.

आता उचलेगिरीबद्दल थोडेसे, कारण तुमचे बहुतेक प्रश्न तिथेच अडकलेले असतात. ‘सर, किती टक्के चालतात?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर असे चढते स्तर आहेत. यावरून मुलांनी असा अर्थ काढला की १० टक्के चोरी माफ. सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. विचार कुणाचा आहे हे त्याला कळत नाही. दुसऱ्याची कल्पना पूर्ण आपल्या शब्दांत लिहून नाव गाळले तर साम्य शून्य येईल आणि उचलेगिरी शंभर टक्के राहील.

टक्के उतरवण्यासाठी शब्द फिरवून देणारी साधने वापरली की काय होते, याची एक मासलेवाईक कथा आहे. गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे विचित्र शब्दप्रयोग गोळा केले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे एका ठिकाणी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झाले होते, म्हणजे बनावट जाणीव! यंत्राने समानार्थी शब्द घातला आणि लेखकाने तो वाचलाही नाही. आज चॅटबॉट याहून सफाईदार लिहितात, पण तुमच्या कुंडीत एकोणिसाव्या दिवशी काय झाले ते त्यांनाही ठाऊक नसते. विचारलेत तर गुळगुळीत काहीतरी रचून देतील.

भाषेची अडचण खरी आहे. तुम्ही इंदूरला शिकत असा, बेळगावला की सुरतेला, रिपोर्ट बहुधा इंग्रजीतच द्यावा लागतो आणि घरची भाषा मराठी. त्या भीतीपोटी आपण जुन्या रिपोर्टांतली तयार वाक्ये उचलतो. माझा सल्ला: पहिला मसुदा मराठीत लिहा, मित्राला फोनवर सांगाल तसा. ‘मोजमाप केले गेले’ असे न लिहिता ‘आम्ही मोजले’ असे लिहा. ‘केले गेले’मध्ये करणारा लपतो आणि कोणी, कशाने, किती वेळा मोजले हे प्रश्नही त्याच्याबरोबर लपतात. इंग्रजी रिपोर्टात ‘वी’ लिहिणे वर्ज्य आहे असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर ‘नेचर’मधले ते टिपण दाखवा, त्यात ते मोकळेपणाने वापरलेले आहे. गाईड तरीही ऐकत नसतील तर कर्मणी प्रयोग करा, वाद घालत बसू नका. मात्र मराठी मसुदा जवळ ठेवा. त्यात करणारा शाबूत असतो.

आणि सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करू नका. वहीतली जी नोंद तुम्हाला अजून छळते आहे तिथून करा. ती एक पान होईल. मग तिच्या आधी वाचकाला काय माहीत असायला हवे ते लिहा. ती पद्धत झाली. मग हा प्रश्न पडलाच कशामुळे, आधी कुणी काय पाहिले होते, ते लिहा. प्रस्तावना सर्वांत शेवटी येईल आणि बहुधा लहान होईल. पाने कमी पडली तर मायक्रोकंट्रोलरचा तक्ता परिशिष्टात घाला, माझी हरकत नाही.

परवा एका गटाने पहिला मसुदा आणला. वीजवापर मोजणारे यंत्र. पहिले वाक्य अर्थातच विजेला आधुनिक जीवनात किती महत्त्व आहे याबद्दल. मी पाने उलटत गेलो. चौदाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेले दिसले. पुसायचे राहून गेले असावे. ‘काहीही जोडलेले नसताना करंट सेन्सर शून्याऐवजी ०.१ अँपिअर दाखवतो. फॅन चालू केला की वाढतो. का?’ मी विचारले, हे कुणी लिहिले? मागे उभ्या असलेल्या मुलाने चाचरत हात वर केला. मी त्याला खुर्ची ओढून बसायला सांगितले आणि कोरा कागद पुढे केला.